आधी कंस सोडवा

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): सातारा जिल्ह्यातून एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं आहे. वय ५८, विषय गणित, ३१ मे रोजी निवृत्त. चाळिशी ओलांडल्यावर पळायला लागले ते आजतागायत पळतायत. सातारा हिल हाफ मॅरेथॉन बहुतेक वर्षी पळले. ४७व्या वर्षी लागलेली १ तास ४७ मिनिटं ही त्यांची सर्वोत्तम वेळ, एकदा वयोगटात तिसरा क्रमांकही आला. गेल्या वर्षी मात्र २ तास ४ मिनिटं लागली. निवृत्तीनंतर वेळ मोकळा, म्हणून यंदा सराव वाढवला: आठवड्यातून सहा दिवस पळणं, त्यात दोनदा घाट. तरी घड्याळ ऐकत नाही. त्यातच ग्रुपमधला त्यांचाच एक माजी विद्यार्थी म्हणाला, "सर, यंदा आरामात पळा, आम्ही आहोत की." ते फार लागलंय. पत्नी म्हणते, पुरे आता, सकाळी माझ्यासोबत अजिंक्यताऱ्यावर फिरायला चला. त्यांचा प्रश्न असा: यंदा सगळं पणाला लावून टायमिंग खाली आणावं, की उतरती कळा लागलीच आहे तर आब राखून स्पर्धेतून बाहेर पडावं?

सर,

तुमचं अक्षर फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाचं आहे. चार पानं, एकही खाडाखोड नाही, प्रत्येक शर्यतीचं टायमिंग सेकंदांसकट. आणि तिसऱ्या पानावर, सरावाच्या वेळापत्रकाखाली, कंसात एक वाक्य: "(गेल्या महिन्यात घाटात दोनदा छाती जड झाल्यासारखी वाटली, थांबलो की दोन मिनिटांत गेलं, बहुधा ॲसिडिटी.)" कंस बंद, आणि पुढच्या ओळीला तुम्ही परत किलोमीटरच्या हिशेबाला लागलात.

तीस वर्षं तुम्ही पोरांकडून 'कंचेभागुबेव' घोकून घेतलं असेल. पदावली कितीही लांबलचक असो, आधी कंस सोडवायचा. तुमच्या पत्राचं गणितही मी त्याच क्रमानं सोडवणार आहे. कंस सुटेपर्यंत पळावं की सोडावं या प्रश्नाला मी हात लावणार नाही, आणि तुम्हीही धावायचे बूट बाजूला ठेवा. हळू पळणंसुद्धा नको. घाट तर नकोच.

मी डॉक्टर नाही, पण एवढं सांगू शकते: ॲसिडिटीला चढ-उतार कळत नाही. श्रम वाढले की येणारी आणि थांबलं की जाणारी छातीतली जडता ही हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण असू शकते. तिलाच अँजायना म्हणतात. ती दुखतेच असं नाही. दडपण, आवळल्यासारखं वाटणं, कधी जबड्यात किंवा डाव्या हातात भरून येणं, कधी नुसताच नेहमीपेक्षा जास्त दम. कदाचित तुमचं काही वेगळंच निघेल, आणि निघालं तर मला आनंदच आहे. पण ते ठरवायचं काम माझं नाही, तुमचं तर नाहीच नाही. हे लक्षण नवं आहे, म्हणून शर्यतीनंतर बघू असं करू नका. हे वाचाल त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा. मधल्या काळात बसल्या जागी तसं झालं, घाम फुटला किंवा दहा मिनिटांत गेलं नाही, तर स्वतः गाडी चालवत जाऊ नका. १०८ला फोन करा.

डॉक्टरांपुढे बसल्यावर कंसातलं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवा. कंस मात्र काढून टाका. "बहुधा ॲसिडिटी" हे शब्दही गाळा, नाहीतर समोरचाही त्याच वाटेनं जाईल. झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून "बघा, काही नाही" म्हणत घरी येऊ नका. तुमचा त्रास विश्रांतीत होतच नाही, मग विश्रांतीतल्या कागदावर तो दिसेल कसा? ट्रेडमिलवरची तपासणी सांगितली तर तुम्ही घाट पळणारे आहात हे आधीच बोला. वयावरून काढलेले हृदयाचे ठोके गाठले की काही वेळा ती चाचणी थांबवतात, आणि तुमच्यासारख्या माणसाला तिथपर्यंत घामही फुटलेला नसतो. पुढं इको, सीटी अँजिओग्राफी किंवा आणखी काही लागेल का, ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. वडील ५४व्या वर्षी झोपेत गेले, असंही तुम्ही पहिल्या पानावर ओझरतं लिहिलंय. तेही त्यांना सांगा. तुमच्या टायमिंगच्या तक्त्यापेक्षा त्यांना त्याचा उपयोग जास्त होईल.

"पण मी सतरा वर्षं पळतोय, माझं हृदय कसं बिघडेल?" हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण पत्रात सगळीकडे तो आहे. म्हणून जिम फिक्स यांची गोष्ट सांगते. अमेरिकेत १९७०च्या दशकात सामान्य माणसाला रस्त्यावर पळायला लावणाऱ्यांत त्यांचं नाव मोठं. पस्तिशीत जाडजूड आणि सिगारेट ओढणारे होते, पळायला लागले, वजन उतरवलं, सिगारेट सुटली. २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँटमध्ये रोजचं पळणं झालं आणि ते रस्त्याकडेला कोसळले. वय ५२. शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या मोठ्या प्रमाणावर बंद झालेल्या सापडल्या. त्यांचे वडील ४३व्या वर्षी हृदयविकारानंच गेले होते. यावरून "बघा, पळून काय मिळालं" असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही, पळण्यानं त्यांना बहुधा काही वर्षं जास्तच दिली असतील. पण पळणं हा विमा नाही. वर्षानुवर्षं जोरात सराव करणाऱ्या काही पुरुष धावपटूंच्या धमन्यांत कॅल्शियमचे थर आढळलेत. त्याचा नेमका अर्थ काय यावर तज्ज्ञांत अजून चर्चा चालू आहे, तरी "पळतो म्हणजे सुटलो" हे गृहीतक त्यानं नक्कीच मोडतं.

आता घरातलं. पत्नी "पुरे झालं" म्हणते याला तुम्ही कटकट म्हटलंय. त्यांना घाटातल्या त्या दोन सकाळी ठाऊक आहेत का? पत्रात तरी तसं दिसत नाही. ज्या माणसाला अर्धीच माहिती दिलीय, त्यानं काढलेलं उत्तर चुकीचं म्हणता येत नाही. आज रात्री जेवणं झाल्यावर त्यांना सांगा. त्या चिडतील, कदाचित रडतील, आणि दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन तुमच्याआधी दारात उभ्या असतील.

आणि तो पोरगा. "आरामात पळा" यात तुम्हाला कीव ऐकू आली. मला एक वेगळीच शंका आहे. तुम्ही त्याच ग्रुपबरोबर घाट करता. एखाद्या वळणावर तुम्ही छातीवर हात ठेवून थांबलेले त्यानं पाहिले असतील तर? सरांना "तुम्हाला काय होतंय?" असं थेट विचारायचं धाडस त्याला झालं नसेल. ज्यानं नववीत तुमच्या हातची छडी खाल्लीय, त्याच्याकडे एवढाच शब्द असतो: आरामात. विचारून बघा एकदा. मी चुकत असेन तर मला कळवा.

धरून चालू की तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं आणि डॉक्टरांनी पळायची लेखी परवानगी दिली. मग तुमचा मूळ प्रश्न.

१ तास ४७ वरून २ तास ४. दहा वर्षांत सतरा मिनिटं, म्हणजे सुमारे सोळा टक्के. लांब पल्ल्याच्या धावपटूंचा वेग चाळिशीनंतर दर वर्षी साधारण एक टक्का, कधी त्याहून थोडा कमी, असा उतरतो. पुढं सत्तरीकडे हा उतार तीव्र होतो. या हिशेबानं तुमचं टायमिंग गेल्या वर्षी १ तास ५७-५८ च्या आसपास असायला हवं होतं. म्हणजे सतरातली दहा-अकरा मिनिटं वयाची. ती कितीही सराव केलात तरी परत यायची नाहीत आणि ती गेली यात तुमचा काही दोष नाही. उरलेली सहा-सात मिनिटं कुठं गेली, हा खरा प्रश्न आहे. ती कंसात असू शकतात. पाऊस, वारा, त्या दिवशीची झोप यांतही असू शकतात. किंवा ४८व्या वर्षीचंच वेळापत्रक ५८व्या वर्षी चालवण्यात असू शकतात, आणि यंदा तर तुम्ही त्यात भर घातली आहे.

वयाचा विषय निघालाच म्हणून एक गंमत. तुम्ही ३१ मेला निवृत्त झालात, म्हणजे दाखल्यावर जन्मतारीख बहुधा १ जून असणार. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस गुरुजींनी १ जूनला लावून दिला. तुमची खरी तारीख कोणती कोण जाणे. आयोजक वयोगट ठरवतात तो कागदावरून, गुडघा दाखला बघत नाही.

घड्याळावरचे हार्ट रेटचे आकडेही तसेच. २२० वजा वय, म्हणजे तुमचे १६२. दुसरं सूत्र २०८ वजा वयाच्या ७० टक्के, त्यानं १६७. दोन्ही सरासरी आहेत, एकेका माणसाचा कमाल ठोका त्यापेक्षा दहा-पंधरानं इकडेतिकडे असू शकतो. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी घालून दिलेल्या ठोक्यांच्या झोनमध्ये आज पळत असाल तर तुमचा 'सोपा' दिवस सोपा राहिलेलाच नाही.

माझं मत सांगायचं तर आठवड्यात दोन घाट हे या वयाला जास्त होतात. यवतेश्वरचा चढ दमवतो हे सगळ्यांना दिसतं, पण स्नायू फाटतात ते उतारावर. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं आणि साठीकडे झुकल्यावर भरून यायला जास्त दिवस घेतं. मंगळवारी घाट आणि शुक्रवारी पुन्हा घाट केलात, तर शुक्रवारी तुम्ही मंगळवारच्याच पायांनी पळता. दहा दिवसांतून एक घाट ठेवा. तोही चढ जोरात आणि उतार सावकाश, जमलं तर खाली यायला कुणाची तरी गाडी. एक दिवस वेगाचा, एक लांब पळण्याचा, बाकी पळणं इतकं हळू की शेजारच्याशी गप्पा मारता याव्यात. आणि आठवड्यातून दोनदा वजनं. तुम्ही "जिम पोरांचं काम" असं लिहिलंय, तिथं मी तुमच्याशी भांडेन. पन्नाशीनंतर स्नायू झिजतात, वेगाचे तंतू आधी जातात, आणि नुसत्या पळण्यानं ते राखले जात नाहीत. पाठीवरच्या पिशवीत दहा किलो तांदूळ घेऊन बैठका मारल्या तरी सुरुवात होते. पिंडऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर टाचा उचलणं. जेवणात डाळ-उसळ, अंडी, दही हे आमटीतल्या पाण्याइतकं नको, जरा दिसेल इतकं असू द्या.

शर्यतीच्या सकाळी दुखण्याची गोळी घेऊन उभं राहायची पद्धत पुष्कळ ग्रुपमध्ये आहे. ती सोडा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घाम गाळणाऱ्या शरीरात मूत्रपिंडांवर ताण आणतात, आणि हृदयाची शंका असलेल्यांनी तर त्यांच्या वाटेलाही जाऊ नये.

राहिलं ते 'आब राखून बाहेर पडण्याचं'. हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. सर, ज्या वर्षी तुम्ही तिसरे आलात, त्या वर्षी चौथा कुणीतरी होता. अकरावा होता. चाळिसावा होता, आणि समर्थ मंदिराच्या चढावर तुम्ही त्याच्या शेजारून निघून गेलात. तो बेअब्रू करून घेतोय असं तेव्हा तुमच्या मनात आलं होतं का? त्यानं घरी बसायला हवं होतं का? तो होता म्हणून तुमच्या तिसऱ्या नंबराला किंमत आली. इतकी वर्षं इतरांनी हरण्याचं काम केलं, आता ते तुमच्या वाट्याला आलं तर ते हलकं कसं ठरतं?

तुमची गाठ दुसरीकडेच आहे असं मला वाटतं. ३१ मेला शाळा सुटली. 'सर' म्हणून उभं राहण्याची एकच जागा उरली, ती सकाळचा ग्रुप, आणि तिथंही एक पोरगा पुढं निघून गेला. दोन्ही एकाच पावसाळ्यात. एका हाफ मॅरेथॉनवर इतकं सगळं लादलं, तर १ तास ४७ मध्येही ती तुम्हाला पुरणार नाही. त्या पोराला पळायचं कुणी शिकवलं, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मला वाटतं, मला माहीत आहे.

लोक तुम्हाला सांगतील, आता स्पर्धा सोडा, आनंदासाठी पळा. मी तसं म्हणणार नाही. काहींचा आनंद मोजण्यातच असतो. तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला घड्याळ काढून पळा म्हणणं म्हणजे गवयाला तंबोरा ठेवून गा म्हणण्यासारखं आहे. मोजा, पण बरोबर मोजा. जागतिक मास्टर्स ॲथलेटिक्सचे वयोगणकाचे तक्ते इंटरनेटवर मिळतात. वय आणि वेळ घातली की त्या वयाच्या जागतिक सर्वोत्तम वेळेच्या तुलनेत तुम्ही किती टक्के, ते येतं. ते सपाट रस्त्यासाठी आहेत, घाटासाठी नाहीत. म्हणून साताऱ्याचा आकडा दुसऱ्या शर्यतीशी लावू नका, साताऱ्याचा साताऱ्याशी लावा. गेल्या दहा वर्षांचा तक्ता तसा मांडून बघा. तुमच्या हातातलं काम आहे, एक दुपार छान जाईल.

कॅनडातले एड व्हिटलॉक ठाऊक असतील. घराजवळच्या दफनभूमीत तासन्‌तास संथ फेऱ्या मारून सराव करायचे. ७३व्या वर्षी, २००४ साली, पूर्ण मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत. ८५व्या वर्षी, २०१६ साली, ३ तास ५६ मिनिटं ३४ सेकंदांत. बारा वर्षांत हे गृहस्थ तासाभरानं मागे पडले आणि दोन्ही वेळा त्या वयातला जागतिक विक्रम त्यांचाच होता. मधल्या वर्षांत गुडघ्यापायी कित्येक महिने थांबावं लागलं, तेव्हा थांबले. बरं वाटल्यावर परत फेऱ्या सुरू.

आणि तपासणीत काही निघालं तर? मग यंदाची शर्यत गेली. ती नुसती गेली म्हणा, तिला 'शेवटची' म्हणायची घाई नको. औषधं, स्टेंट, बायपास यांनंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानं पुन्हा पळणारी माणसं आहेत. किती, कधी, कोणत्या ठोक्यापर्यंत, हे तुमचे डॉक्टर सांगतील आणि तेव्हा त्यांच्याशी घासाघीस करायची नाही. अजिंक्यताऱ्याचा चढही त्यांना विचारूनच. अशा वेळी तुमचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, त्या पोराच्या मित्राला देऊन टाकू नका. दुसऱ्याच्या बिबवर पळणारा कुठं कोसळला तर मदतीला आलेल्यांच्या हातात ५८ वर्षांच्या माणसाची माहिती आणि समोर पंचविशीतलं शरीर, असा घोळ होतो.

हे वाचणाऱ्या बायकांसाठी एक ओळ: तुमच्यात ही खूण कधी कधी छातीत दिसतच नाही. अकारण थकवा, मळमळ, पाठीत भरून येणं, नेहमीच्या चढाला अचानक लागलेली धाप. त्यालाही ॲसिडिटी म्हणून कंसात टाकू नका.

परवानगी मिळाली आणि उभे राहिलात, तर मला वाटतं पहिले दहा किलोमीटर घड्याळाकडे न बघता चढा. वर धुकं असेल, ढोल वाजत असतील, खालून गेलेली पोरं समोरून परत येताना 'सर!' म्हणून ओरडतील. वळलात की बटण दाबा आणि उताराचं काय ते मोजा. छातीत काही झालं तर मात्र तिथंच थांबा, किलोमीटर कितीही उरलेला असो.

आणि आदल्या रात्री बिब पालथा करा. बहुतेक ठिकाणी मागे छोटा चौकोन असतो: रक्तगट, आजार, चालू औषधं, घरच्यांचा फोन. पेन घेऊन सगळं भरा, तुमच्या त्या सुंदर अक्षरात. इतकी वर्षं तो कोराच ठेवलात, असं मला उगाच वाटतंय.